बास ब्रुअरीची रेल्वे १:७६ मापात : तिसरी नोंद

इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील बास ब्रुअरीच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्याच्या, खासगी रेल्वेची छोटी प्रतिकृती मी बनवतो आहे. तिचे रूळ या महिन्यात टाकून झाले. काळ १९०५ च्या आसपासचा धरला आहे, कारण १९०१ साली नीलसन रीड कंपनीने बांधलेले ९ क्रमांकाचे इंजिन मला काहीही करून त्यात हवे होते.

या ब्रुअरीचा संस्थापक विल्यम बास हा मूळचा मालवाहतूकदार. त्याने १७७७ साली, म्हणजे ट्रेंट-मर्सी कालवा पूर्ण झाला त्याच वर्षी, ब्रुअरी काढली. हल बंदरातून बाल्टिककडे जाणारा माल आधी नेपोलियनच्या नाकेबंदीत अडकला आणि पुढे रशियाच्या जबर जकातीमुळे तो व्यापार बसला, तेव्हा बर्टनच्या ब्रुअऱ्या हिंदुस्थानसाठी पेल एल ही फिकट रंगाची बिअर बनवू लागल्या. तेथील जिप्समयुक्त कठीण पाणी अशा बिअरला मानवणारे होते. कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई ही त्या पिंपांची मुख्य ठिकाणे. १८३९ साली बर्टनला रेल्वे आली आणि बासचा पसारा इतका वाढला की पुढे कंपनीचे स्वतःचेच सुमारे १६ मैल रूळ झाले. बर्टन गावात ब्रुअऱ्यांच्या रुळांवर तीसहून अधिक फाटके होती. मी तीनच बसवली, आणि त्यांतच रस्त्याला जागा उरली नाही.

सर्वांत जास्त वेळ वळणांनी खाल्ला. पहिल्या मांडणीत सहाचाकी इंजिन प्रत्येक सांध्यावर घसरत होते. आवारांतली वळणे आखूड असल्याने बासने चारचाकी इंजिने का वापरली, हे त्या आठवड्यात नीट उमगले. ९ क्रमांकाचे इंजिन आता त्याच रुळांवरून सहा वाघिणी बिनबोभाट ओढते.

रंगाचे काम मात्र अडले आहे. बासच्या इंजिनांचा लाल रंग ‘टर्की रेड’ म्हणून ओळखला जाई. माझा पहिला हात विटकरीकडे झुकल्यामुळे तो खरवडून काढावा लागला. १ जानेवारी १८७६ रोजी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकाने नोंदवलेले व्यापारचिन्ह म्हणजे बासचा लाल त्रिकोण. बाटलीवर तो या मापात ठिपक्याएवढाही उरत नाही, तरी तो गाळायला मन तयार होईना.

पुढचे काम मांडणीच्या दुसऱ्या टोकाचे, म्हणजे लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाखालील, बर्टनची बिअर साठवण्याच्या तळघराचे. १८६८ साली उघडलेल्या या स्थानकाच्या तळघरातील लोखंडी खांबांमधले अंतर बर्टनच्या पिंपांच्या मापावरून ठरवले होते, म्हणून खांब उभे करण्याआधी पिंपेच घडवायला घेतली आहेत.