ग्रुपवर टाकू का?

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन मी आहे. कुणी निवडून वगैरे दिलं नाही. मार्च २०२० मध्ये पाळकसाहेबांनी फोनवर विचारलं, "ताई, तुम्हाला मोबाईलमधलं कळतं ना?" आणि मी "थोडंफार" म्हणाले, तेवढीच माझी पात्रता. रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये चोवीस वर्षं काढली. एक्सेल येतं, म्हणून हिला यंत्रातलं सगळंच येतं असा आमच्या मंडळीत समज आहे.

लॉकडाऊन लागलं २५ मार्चला, आणि गुड फ्रायडे होता १० एप्रिलला. आमच्याकडे त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते. येशूची वधस्तंभावरची सात वचनं, प्रत्येक वचनावर बोलणारा वेगळा, मध्ये एकेक गीत. त्या वर्षी सगळं व्हिडिओ कॉलवर करायचं ठरलं. खातं फुकटचं, म्हणजे चाळीस मिनिटांनी आपोआप बंद होणारं. हे मला ठाऊक होतं, पण सात वचनं गुणिले दहा मिनिटं हा हिशेब काही मी केला नाही. अकाउंट्सची बाई असून! चौथं वचन कळव्याच्या एका निवृत्त गुरुजींकडे होतं. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि आवाज चढवून म्हणाले, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग..." आणि स्क्रीन काळी.

नवीन लिंक पाठवून सगळ्यांना परत गोळा करायला बारा मिनिटं लागली. तेवढ्यात गुरुजींचा मला फोन, "मी कुठवर ऐकू आलो?" माझी आई मात्र ऐरोलीच्या घरात माझ्याशेजारी बसून डोळे पुसत होती. तिला वाटलं, ते मुद्दामच तसं बसवलं होतं. "केवढं अंगावर आलं गं," म्हणाली. खरं काय ते मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. ती हे वाचणार नाही, हे बरं.

तेव्हा वाटलं होतं, हे दोन-चार महिन्यांचं आहे. पण यूट्यूबवरची उपासना राहिली ती राहिलीच. त्याला एक कारण मेगाब्लॉक. ज्या रविवारी ठाणे-नवी मुंबईच्या ट्रान्सहार्बर रेल्वेवर दुरुस्तीचा ब्लॉक असतो, त्या रविवारी सकाळी नवी मुंबईकर ठाण्याला येतात आरामात, पण उपासना, चहा आणि कमिटीच्या दोन मिनिटांच्या (म्हणजे पाऊण तासाच्या) मीटिंगनंतर परतीची गाडी नसते. म्हातारी माणसं मग घरूनच बघतात. मी मागच्या बाकामागे उभी असते. मोबाईल स्टँडला रबरबँडने बांधलेला, कारण स्टँडची चाप गेल्या नाताळात तुटली. बायबलमधलं रोमकरांस पत्र आपण पौलाचं म्हणतो, पण ते कागदावर उतरवणाऱ्या माणसाने सोळाव्या अध्यायात हळूच एक ओळ आपली घातली आहे: हे पत्र लिहून देणारा मी तर्तियुस, तुम्हाला सलाम. मला तो माणूस फार आवडतो. सबंध पत्रात त्याला एक ओळ मिळाली. मला तेवढीही मिळत नाही. "ताई, आवाज येत नाहीये" एवढंच मिळतं.

आईचं वय एक्क्याऐंशी. चर्चमध्ये ती पंख्याखाली बसते आणि तिला ढिम्म ऐकू येत नाही. घरी इयरफोन लावले की उपदेशातला शब्दन्‌शब्द ऐकते, वर दुपारी जेवताना मला त्यातल्या चुका सांगते. तरी ब्लॉक नसला की साडेसातलाच लुगडं नेसून तयार. "घरी ऐकू येतं ना तुला?" म्हटलं तर म्हणते, "ऐकायला कोण जातंय?" योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटीही असंच काहीसं आहे. लिहायचं पुष्कळ आहे, पण ते कागद आणि शाईने नको, प्रत्यक्ष येऊन बोलेन, असं तो म्हणतो. आमच्या मजल्यावर वसईच्या एक काकू आहेत, कॅथलिक. लॉकडाऊनमध्ये त्या टीव्हीवर मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, बघायच्या आणि कम्युनियनच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या, वेळी हात जोडून नुसत्या बसायच्या. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, हे व्हॅटिकनने २००२ मध्येच लिहून ठेवलंय. आमच्या पाळकसाहेबांनी असा कागद काढला नाही, पण प्रभुभोजन काही ऑनलाईन दिलं नाही. तेव्हा मला ते हट्टी वाटले होते.

कामाचं म्हणून सांगते, सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो गीतांनी. पडद्यावर दाखवायची गीतं कुणीतरी पूर्वी जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून ठेवली होती. ती त्या एकाच कॉम्प्युटरवर मराठी दिसायची. दुसऱ्यावर उघडली की कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा शे-दीडशे गीतं मी पुन्हा युनिकोडमध्ये टाईप केली. नारायण वामन टिळकांची भजनं टाईप करताना एक फायदा झाला, इतकी वर्षं तोंडपाठ म्हटलेल्या ओळी पहिल्यांदा नीट वाचल्या. आणि "तारणाऱ्या"ने मला रडवलं. साधा र घेऊन पाय मोडला आणि य जोडला, की रफार थेट वर जाऊन बसतो, "तारणार्या" होतं. त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर घ्यावं लागतं, खाली टिंब असलेलं, आणि त्याचा पाय मोडायचा. हे मला कळलं तोवर साठ गीतं झाली होती. आमच्या गीतांत तारणारा, वाचवणारा, क्षमा करणारा याशिवाय दुसरं असतं काय! प्रत्येक पानावर रफार. एकेक शोधून दुरुस्त केले. तरी परवा एका पोराने पडदा बघून मोठ्याने "तारणार्‌या" वाचलंच.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

२०२४ चा जुलै. बुधवार संध्याकाळ, रबाळे स्टेशन, छत्री गळतेय, ठाणा लोकल उशिरा. गायनमंडळातल्या एकीचा फोन आला. नाव लिहीत नाही, तिचं नाव लिहून एकदा चूक केली आहे. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. म्हणाली, "ताई, छातीत गाठ लागतेय. उद्या बायोप्सी आहे. माझ्यासाठी प्रार्थना कर."

कर, म्हणाली ती. मी ऐकलं "करा".

गाडीत चौथी सीट मिळाली. ऐरोली गेलं आणि दिघा गाव यायच्या आत मी ग्रुपवर टाईप करून टाकलंसुद्धा. तिचं नाव, छातीत गाठ, कॅन्सरची शक्यता, सर्वांनी कळकळीने प्रार्थना करावी. ठाण्याला उतरेपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मला बरं वाटलं, हे कबूल करते. आपण काहीतरी केलं, असं वाटलं.

आमच्या ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं आहेत. त्यातल्या कुणीतरी तो मजकूर कॉपी करून दुसऱ्या मंडळीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. फॉरवर्ड केला असता तर निदान वर "फॉरवर्डेड" तरी आलं असतं. कॉपी केलेल्यावर तेही येत नाही, पाठवणाऱ्याचाच मजकूर होतो. तिथून तो श्रीरामपूरला तिच्या माहेरी गेला. वाटेत कुठेतरी "शक्यता" हा शब्द गळाला. रात्री साडेनऊला तिच्या मामेबहिणीने पुण्याला हॉस्टेलवर तिच्या मुलीला फोन केला, "आईला कॅन्सर झालाय, तुला माहीत नाही?" मुलीची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. तिने मुलीला मुद्दामच सांगितलं नव्हतं.

दहा वाजता तिचा मला फोन आला. ती ओरडली नाही. "ताई, तू मला विचारलंस का गं?" एवढंच म्हणाली आणि ठेवला.

मी लगेच "सर्वांसाठी डिलीट" केलं. ग्रुपमधून मेसेज जातो, पण ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांच्याकडचा जात नाही, आणि आपल्या जागी "हा मेसेज डिलीट केला गेला" अशी पाटी लागते. डिलीट करण्याआधी मी बघितलं होतं, १३७ जणांनी वाचला होता. सकाळी सात जणांनी विचारलं, ताई, काय डिलीट केलं? त्यातल्या तिघांना ते ठाऊक होतं. त्यांना मी काय सांगते ते बघायचं होतं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. साधी गाठ. या वेळी तिला विचारून ग्रुपवर टाकलं. पंधरा-वीस जोडलेले हात आले, ते तिथेच राहिले. चांगल्या रिपोर्टला पाय फुटत नाहीत. नाताळला ती श्रीरामपूरला गेली तेव्हा चर्चच्या दारात एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "केस किती छान परत आले गं, बाई."

हे तिने मला सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण तोवर सहा महिने गेले होते. त्यातले पहिले दोन महिने ती गायनमंडळात आलीच नाही. अल्टोला, म्हणजे बायकांच्या खालच्या सुराला, एकच आवाज उरला होता. दर रविवारी मोबाईलच्या स्क्रीनवर मला ती रिकामी जागा दिसायची, कारण कॅमेरा नेमका तिथेच रोखलेला.

आमच्या लहानपणी कळव्याला हेच काम फोनच्या साखळीने व्हायचं. मंडळीत सहा घरी फोन. पहिल्या घरी "ताप" म्हणून निघालेला निरोप सहाव्या घरी "टायफॉईड" होऊन पोचायचा. जीभ हा लहानसा अवयव केवढं रान पेटवतो, असं याकोबाने लिहिलं तेव्हा कुठे मोबाईल होता! तेव्हा मोबाईलला दोष देण्यात अर्थ नाही. पण साखळीत निदान पाचव्या घरची बाई विचारायची, "हे सांगायचं आहे ना सगळ्यांना?" माझ्या अंगठ्याने विचारलं नाही. (याकोबावरून आठवलं. मध्यंतरी सूर्योदयाच्या चित्रावर "याकोब ६:३" असं लिहिलेलं एक वचन आमच्या ग्रुपवर तीनदा आलं. याकोबाच्या पत्राला अध्यायच पाच आहेत. तीन वेळा आमेन म्हणून झाल्यावर हे मी लिहिलं, तर एका काकांनी मला अविश्वासू ठरवलं.)

तेव्हापासून इतरांचं किती काय माझ्या हातात येऊन पडलंय ते मला दिसायला लागलं. अर्पणाचंच बघा. आम्ही दोन वर्षांपूर्वी दाराशी क्यूआर कोड लावला. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, तरुण मुलं देऊ लागली, सगळं चांगलं. पण थैलीत कुणी किती टाकलं ते कुणालाच कळत नसे. आता महिनाअखेरीला स्टेटमेंट काढलं की प्रत्येक रकमेपुढे नाव. अर्पण देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये म्हणतात. आमच्याकडे डावा हात मीच. बंगल्यात राहणारे एक गृहस्थ एकवीस रुपये देतात, आणि धुणीभांडी करणारी एक मावशी दर महिन्याच्या पाच तारखेला पाचशे. तिच्याशी चहाच्या वेळी बोलताना माझा आवाज बदलतो, हे माझं मलाच कळतं. आता कमिटीला मी फक्त एकूण बेरीज देते. एका सभासदाने यादी मागितली होती. देणार नाही म्हटलं. तो वाद अजून चालू आहे.

गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर मी स्टँड सोडवत होते. रबरबँड तुटलं, ते शोधत बाकाखाली वाकले, तर समोर गायनमंडळातल्या त्या मैत्रिणीच्या चपला. "ताई, बस जरा," म्हणाली. मिस्टरांचं बुधवारी ऑपरेशन ठरलंय. मी नुसती ऐकत राहिले. मोबाईल पर्समध्ये होता, तो तिथेच ठेवला.

"ग्रुपवर टाक," तीच म्हणाली.

"नक्की?"

"टाक. मी सांगते तसं लिही."

मी मोबाईल काढला. तिने सांगायला सुरुवात केली. मी "हृदयाचं ऑपरेशन" लिहिलं, तर म्हणाली, "हृदय काढ." मग दोघींना हसू आलं. हृदय काढलं. दवाखान्याचं नाव घातलं नाही. रक्ताच्या दोन बाटल्या लागतील, देऊ शकणाऱ्यांनी मला कळवावं, हे ठेवलं. भेटायला येऊ नये, फोन करू नये, बुधवारी सकाळी नऊ वाजता ज्याने त्याने आपापल्या जागी थांबून दोन मिनिटं द्यावीत. हा मजकूर पुढे पाठवू नये. मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी सवयीने "सर्वांनी कळकळीने प्रार्थना करावी" आलंच होतं.

तिने मोबाईल माझ्या हातातून घेतला, डोक्यावरचा चष्मा खाली ओढला.

"हे 'करावी' नको गं," म्हणाली. "'करा' लिही."