कुठे उतरणार?

मुंबईच्या लोकलमध्ये अनोळखी माणसाशी बोलायला नाव, गाव, आडनाव यांपैकी काहीच लागत नाही, ‘कुठे उतरणार?’ एवढा एक प्रश्न पुरतो. विचारणाऱ्याला आपल्या प्रवासाचे काडीचेही कुतूहल नसते, त्याची नजर आपल्या बुडाखालच्या जागेवर असते. आपण स्टेशनाचे नाव उच्चारले की त्या जागेचे साठेखत झाले. त्यानंतर दुसऱ्या कोणी विचारलेच, तर पहिलाच इसम ‘त्यांना मी विचारलंय’ असे परस्पर सांगून मोकळा होतो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेल्या पहिल्या गाडीत हा प्रश्न निघाला नसणार, कारण तिच्यातल्या सुमारे 400 निमंत्रितांना ठाण्यालाच उतरायचे होते.

माझाही घोटाळा ठाण्याचाच. काही वर्षांपूर्वी तिथले बिऱ्हाड मोडून मी डोंबिवलीला राहायला गेलो, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये मला चक्क बसायला मिळाले होते. दादरला एक गृहस्थ चढले. काखेत छत्री आणि हातात पिशवी, तिच्यातून अळूची देठे बाहेर डोकावत होती. त्यांनी तो प्रश्न विचारला आणि माझ्या अकरा वर्षांच्या सवयीने उत्तर दिले, ‘ठाणे’. चूक ध्यानात येईपर्यंत कुर्ला मागे पडले होते आणि तेवढ्यात त्यांनी दोन उमेदवारांना परतवूनही लावले होते. आता खरे सांगण्याचा धीर होईना, म्हणून अशा प्रसंगी सारेच करतात तेच मी केले, डोळे मिटून घेतले. दुर्दैवाने खरोखरच झोप लागली.

छत्रीच्या मुठीने गुडघ्यावर टकटक झाली. ‘अहो उठा, ठाणं आलं. मागे राहिलात तर उतरता यायचं नाही!’ एकाने फळीवरची माझी बॅग काढून हातात दिली, दुसऱ्याने ‘ह्यांना उतरायचंय’ अशी हाळी दिली आणि अख्ख्या डब्याने मिळून मला दारापाशी नेऊन पोहोचवले. तिथे मी मधल्या दांड्याला मिठी मारून उभा राहिलो. ‘उतरायचं नाही तर दारात कशाला उभे राहता?’ असे उतरणाऱ्यांपैकी निदान चौघांनी विचारले, आणि त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते.

फास्ट लोकल तेव्हा 1916 साली खुल्या झालेल्या पारसिकच्या बोगद्यातून जात असत. सुमारे 1.3 किलोमीटर लांबीचा तो बोगदा मला त्या दिवशी फारच आखूड वाटला. गाडी बाहेर आली तेव्हा मधली गर्दी बरीच ओसरली होती आणि गृहस्थ सरळ माझ्याकडेच पाहत होते. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी अळूची पिशवी मांडीवरून पायांशी ठेवली, शेजारच्या दोघांना कोपराने सरकवले आणि तिघांच्या बाकावर बोटभर चौथी सीट तयार करून मला मानेनेच बोलावले. मी एका बाजूवर कसाबसा टेकलो.

समोर उभ्या असलेल्या एका मुलाने लगेच वाकून विचारले, ‘काका, कुठे उतरणार?’

मी तोंड उघडणार, तोच गृहस्थ म्हणाले, ‘त्यांना नको, मला विचार.’