आजचं वरण करपलं

रविवार. कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायच्या होत्या, पण हातात यियुन ली या लेखिकेचं पुस्तक होतं. किती झाल्या देव जाणे, वास आला तेव्हा उठले.

बाई मूळची बीजिंगची, जन्म १९७२चा. विद्यापीठात शिकायच्या आधी एक वर्ष सक्तीने लष्करी छावणीत काढलेलं. १९९६ मध्ये अमेरिकेत आयोवाला आली ती इम्युनॉलॉजी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र, शिकायला. म्हणजे प्रयोगशाळा, चांगली नोकरी, सगळं सरळ ठरलेलं. आणि ते सोडून हिने गोष्टी लिहायला घेतल्या, त्याही इंग्रजीत! २००५ मध्ये पहिला कथासंग्रह. आता प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवते.

मी अडकले ते वेगळ्याच ठिकाणी. ती म्हणते, मला स्वप्नंही इंग्रजीत पडतात, स्वतःशी बोलते तेही इंग्रजीतच. चिनी तिने मनातून हद्दपार केली. मला आधी रागच आला. आईची भाषा अशी टाकून देतात होय? मग वाटलं, हिची आई, हिचं बीजिंग, मी कोण बोलणारी? मी तर ऑफिसात दिवसभर इंग्रजी झाडते आणि करपलेलं वरण बघून तोंडातून निघतं, 'अगं बाई गं!'

तिचे दोन्ही मुलगे गेले. थोरला २०१७ मध्ये, धाकटा २०२४ मध्ये, दोघांनीही स्वतःच जीवन संपवलं. त्यानंतरच्या पुस्तकात ती रडारड करत नाही. बागेत रोपं लावते, त्याबद्दल लिहिते. तिथे मी पुस्तक मिटलं.

कुकर अजून भिजत पडलाय.