कुणीतरी आधीच बघितलंय

शनिवार, रात्र

आज माझ्या ओढ्याकाठच्या भुंगेऱ्याचं, नवी प्रजाती म्हणून छापायचं वर्णन संपवायचं होतं. डोकं झालं, छाती झाली, पुढचे आखूड पंख झाले. पोटाचे वळे आणि शेवटचा तुलनेचा परिच्छेद तेवढा राहिला होता. दुपारपासून एक ओळ पुढे सरकलेली नाही. कारण सांगितलं तर माझ्या आकृत्या काढणारी वीणा हसेल. संग्रहालयातून आलेल्या एका पिनेवर भुंगेऱ्याच्या खाली ठिकाण-तारखेचं लेबल, आणि त्याच्याही खाली नखाएवढा कागद. त्यावर पेन्सिलीने ‘नवी प्रजाती’ अशा अर्थाचं लघुरूप आणि पुढे प्रश्नचिन्ह. बस्स, एवढंच.

तुलनेसाठी मागवलेला डबा परवा आला. मी मागितले होते जवळच्या प्रजातींचे नमुने. संग्रहालयातल्या कुणीतरी आपणहून त्याच जीनसचे, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या त्याच गटाचे, काही अनोळखी नमुनेही कोपऱ्यात टोचून पाठवले. चांगुलपणाच तो, पण आज मला त्या चांगुलपणाचा राग आलाय. त्या कोपऱ्यात दोन भुंगेरे होते, एकाच ठिकाणचे, एकाच तारखेचे. साध्या भिंगातून बघतानाच पोटात गोळा आला. डोळे इतके मोठे की डोक्याच्या कडा म्हणजे डोळेच, पण ते काय, स्टेनस या जीनसच्या सगळ्याच भुंगेऱ्यांचे तसे असतात. कपाळावरचा मधला उंचवटा मात्र ओळखीचा होता. आणि पाठीवर खळग्या इतक्या दाट, की दोन खळग्यांमधली जागा खळगीहून अरुंद. हे वाक्य मी स्वतः याच आठवड्यात लिहिलंय!

बाहेरून बघून खात्री होत नाही. स्टेनसच्या तीन हजारांहून जास्त प्रजाती आहेत आणि त्यातल्या कित्येक वरून सारख्याच. खरा फरक नराच्या जननांगात. म्हणून भुंगेरा चिकटवलेलं कार्ड कोमट पाण्यात सोडलं. जुना डिंक फुगला, सुटला, आणि साडेचार मिलिमीटरचा तो देह पाण्यावर आला. अंगाशी घट्ट आवळलेले पाय हळूहळू सैल झाले. दोन बारीक सुयांनी शेवटचे वळे बाजूला केले, आतलं अंग आकडीने ओढून घेतलं, कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवलं. स्नायू विरघळेपर्यंत चहा केला आणि प्यायचा विसरले. मग ग्लिसरिनचा थेंब. मधला भाग निमुळता होत गेलेला, टोक जरासं आत वळलेलं. दोन्ही बाजूंचे दांडे त्याच्याहून लांब आणि टोकाशी केसांचा झुबका. शेजारी माझ्या नराची आकृती ठेवली. ती वीणाकडून काढून घेताना मी केससुद्धा मोजले होते.

तोच आहे.

आनंद व्हायला हवा होता. एकाच ओढ्याच्या काठावरचे नमुने घेऊन नवी प्रजाती मांडायची म्हणजे थोडं धाडसच, असं सरांनी किती वेळा ऐकवलंय. आता डोंगररांगेच्या दुसऱ्या टोकाचा पुरावा आयता हातात आला. आणि मला चक्क रडू आलं. ओल्या पाचोळ्यात गुडघे टेकून चाळण हलवली मी. तोंडात नळी धरून एकेक किडा बाटलीत ओढला मी. कंबर गेली ती माझी, चष्म्याचा नंबर वाढला तो माझा. बाकी काय काय गेलं ते इथे लिहीत नाही.

श्रेय कुणी हिसकावत नाहीये, एवढं कळतं मला. नियम स्वच्छ आहेत. लेबलावर पेन्सिलीने काहीही लिहा, ते मोजलं जात नाही. वर्णन छापून यावं लागतं, होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्याला नाव बांधलं जातं तो, ठरवावा लागतो, तो कुठे ठेवणार ते सांगावं लागतं. १९९९ नंतर नाव देताना होलोटाइप किंवा तसा नमुना स्पष्टपणे ठरवलाच नाही, तर ते नाव धरलंच जात नाही. नुसत्या ऑनलाइन अंकात छापायचं तर झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत, नोंदही हवी. हे सगळं मी करणार, म्हणून प्रजातीच्या नावामागे आडनाव माझं लागणार. मग स्वल्पविराम, मग साल. पुढे कुणी तिला दुसऱ्या जीनसमध्ये हलवलं तर आडनाव कंसात जाईल, पुसलं जाणार नाही.

मग झोंबतंय काय?

मला वाटतं, झोंबतंय ते हे. रोव्ह बीटलच्या, म्हणजे स्टेनस ज्या कुळात येतो त्याच्या, साठ हजारांहून जास्त प्रजातींना नावं मिळालीत. प्राण्यांच्या सगळ्यात मोठ्या कुळांपैकी हे एक. त्या एवढ्या गर्दीत न आलेला एक जीव फक्त मला ठाऊक आहे, असं मी किती महिने मनात धरून बसले होते. बैठकीत कुणी माझं बोलणं मधेच तोडलं, की मनात म्हणायचे, तुम्हाला काय माहीत माझ्याकडे काय आहे! आईचा फोन ठेवल्यावरही तेच. ते जाऊ दे. सांगायचं एवढंच, की कुणाला न दाखवलेलं असं काहीतरी माझ्यापाशी होतं, आणि त्याच्या जोरावर बरेच दिवस निघाले. आता कळतंय, की ते माझ्या जन्माआधीच कुणीतरी बघून ठेवलं होतं. श्रेय नाही गेलं. एकटीचं होतं, ते गेलं.

समाधानाच्या वाटाही शोधून झाल्या. मी त्याला जिवंत बघितलंय. पाण्यावर पडल्यावर हे भुंगेरे पोटाच्या टोकातून एक द्रव सोडतात, त्याने मागच्या पाण्याचा ताण कमी होतो आणि पुढचं पाणी त्यांना ओढून नेतं. पाय न हलवता सर्रकन गेला होता माझा भुंगेरा, डबक्याच्या या काठावरून त्या काठाला. खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून चिकट टोकाने भक्ष्य पकडतात, ते मात्र दिसलं नाही; ते डोळ्याला दिसण्याइतकं सावकाश घडतच नाही. तर मी जिवंत बघितलाय, पेन्सिलीने लिहिणाऱ्याने बघितला असेल का? ठिकाणाच्या लेबलावरचं अक्षर शाईचं आणि वेगळ्या हाताचं आहे, म्हणजे गोळा करणारा एक आणि पेन्सिलवाला दुसरा. म्हणजे जिवंत बघणारी मी आणि तो गोळा करणारा, पेन्सिलवाला बाद. हा हिशेब मी खरोखर वहीच्या मागच्या पानावर मांडलाय. पन्नाशीच्या जवळ आलेल्या बाईने.

डार्विनचा भुंगेरा आठवला. १८३२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने अर्जेंटिनात बाहिया ब्लांका इथे एक रोव्ह बीटल पकडला. लंडनच्या संग्रहालयात तो हरवल्यातच जमा होता. स्टायलिआनोस चाट्झिमानोलिस यांनी उसने मागवलेल्या अनोळखी नमुन्यांत तो निघाला आणि २०१४ मध्ये, डार्विनच्या वाढदिवशी, १२ फेब्रुवारीला, डार्विनिलस सेडारिसी या नावाने छापून आला. एकशे ब्याऐंशी वर्षं! वाचलं तेव्हा मला ती गंमत वाटली होती. माझ्या डब्यात तसंच काही निघाल्यावर गंमत कुठे गेली कोण जाणे. पण डार्विनची पिन समोर आली असती तर मी नाचले असते. हा पेन्सिलवाला कुणीच नाही, बहुधा म्हणूनच सलतोय.

एक गोष्ट मात्र आत्ता, लिहिता लिहिता, लक्षात आली. त्याने भुंगेरा उघडलाच नव्हता. डिंक जुना, वळे जागच्या जागी, कुठे सुईची खूण नाही. म्हणजे जननांग न बघता, त्या काळातल्या भिंगातून नुसतं वरून बघून त्याला शंका आली. माझ्यापुढे आकृती तयार होती तरी मी कितीतरी दिवस हो-नाही करत होते. डोळा होता माणसाचा. मग लिहिलं का नाही? दुसरं काम आलं असेल. बदली झाली असेल. नंतर बघू म्हणाला असेल.

‘नंतर बघू’ लिहिलं आणि कपाटाकडे लक्ष गेलं. खालचा डबा. त्यात माझ्या अक्षरातली प्रश्नचिन्हं किती आहेत ते मोजायची आज हिंमत नाही. पॅरिसच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हिशेब काढला होता, की नमुना गोळा झाल्यापासून नव्या प्रजातीचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. त्या डब्यातले काही माझ्या हातून होतील. उरलेल्यांच्या पायी पुढे कुणीतरी बाई रात्री जागत बसेल आणि मला मनसोक्त शिव्या देईल. देऊ दे. मी तरी दुपारपासून दुसरं काय करतेय?

तर ठरलं. होलोटाइप माझाच नर. मत्सर म्हणून नव्हे. बरं, थोडा मत्सरही. पण डब्यातल्या नराच्या लेबलावर ठिकाण म्हणून अख्खी डोंगररांग आहे आणि माझ्याकडे अक्षांश-रेखांश, उंची, ओढ्यापासूनचं अंतर, सगळं आहे. या भुंगेऱ्याचे उडायचे पंख खुरटलेले. आपल्या ओढ्यापासून फार लांब जाणारा हा नव्हे, तेव्हा ठिकाण नेमकं हवंच. तो डब्यातला नर पॅराटाइप, म्हणजे होलोटाइपच्या सोबतीचा नमुना. जुनं लेबल काढायचं नसतं, खाली आपलं जोडायचं असतं, म्हणजे त्याच्या पेन्सिलीखाली माझं पिवळं. सर म्हणतील, त्याचंच नाव द्या की प्रजातीला. पण ना सही, ना आद्याक्षरं. कुणाचं नाव देऊ? शिवाय नाव मी कधीच ठरवलंय आणि ते बदलणार नाही. इतकी मोठ्या मनाची मी नाही.

आणि डब्यातला दुसरा नमुना मादी आहे. माझ्याकडे एकही मादी नव्हती. मसुद्यात ‘मादी अज्ञात’ असं लिहून मोकळी झाले होते. ती ओळ काढली. नराच्या आठव्या वळ्याच्या खालच्या पट्टीला मागे मधोमध खाच आहे. मादीच्या पट्टीची कड नुसती गोलसर, खाचेचा मागमूस नाही. म्हणजे एक परिच्छेद वाढला, मोजमापांचा तक्ता नव्याने करायचा आणि आणखी एक आकृती हवी. आकृत्या संपल्या असं वीणाला कालच सांगितलंय. सकाळी फोन केला की ती आधी चिडणार, मग विचारणार, किती मोठी काढू.