वाघबीळ आहे, मग लांडग्याचं गाव कुठंय?

घोडबंदर रोडला राहायला येऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे वाघबीळ नाका हा शब्द तोंडात इतका बसलाय की त्यात वाघ आहे हे कानाला जाणवतच नाही. मागच्या सुट्टीत भाचा आला होता, टीएमटीच्या बसमध्ये कंडक्टरने 'वाघबीळ वाघबीळ' केलं आणि त्याने लगेच विचारलं, मामा, इथं खरंच वाघाचं बीळ होतं का? म्हटलं समोर येऊरचा डोंगर बघ, तिथं बिबट्या आजही आहे, आणि आपल्याकडची जुनी माणसं बिबट्यालाही वाघच म्हणतात. तर पुढचा प्रश्न, मग लांडग्याचं गाव कुठंय?

आहे ना, लांडगेवाडी. आमच्या सांगली जिल्ह्यात, कवठेमहांकाळ तालुक्यात. पण सांगताना माझ्याच लक्षात आलं की वाडीच्या आधी आपल्याकडे बहुतेक वेळा आडनाव येतं, म्हणजे प्राणी आधी आडनावात शिरतो, लांडगे होतो, आणि मग त्या भावकीबरोबर गावाच्या नावात जाऊन बसतो. थेट जनावरावरून पडलेलं नाव वेगळं आणि हे वेगळं.

इकडे ठाणे, पनवेल भागात मी खूप आठवून बघितलं, लांडग्याचं एकही नाव सापडेना. त्याला कारण आहे. लांडगा हे उघड्या माळाचं जनावर, कुसळी गवत, ओघळी, लांबवर दिसणारं रान आणि मेंढरं असली की तो असतो. कोकणातलं दाट जंगल आणि खाडी हे त्याचं घरच नाही. खाडीवर कोल्हा आहे, ऐरोलीकडच्या खारफुटीत अजूनही दिसतो. नवी मुंबईच्या एअरपोर्टसाठी जी दहा गावं उठली त्यांची नावं बघा, कोल्ही, वाघिवली, कोंबडभुजे, कानाला कोल्हा वाघ कोंबडी तिन्ही ऐकू येतात. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, आता तिथं रनवे आहे, आणि ही नावं बोलण्यात किती दिवस राहतील याची मला खरंच काळजी वाटते.

पण नुसत्या कानावर भरवसा ठेवून चालत नाही हेही खरं. इंग्लंडमधलं वुल्व्हरहॅम्प्टन घ्या, ऐकून कुणीही म्हणेल लांडग्याचं गाव, पण ते नाव वुल्फरून नावाच्या बाईवरून आलंय, तिला ९८५ साली राजाने तिथली जमीन दिली होती. गंमत म्हणजे तिच्या स्वतःच्या नावात 'वुल्फ' म्हणजे लांडगा आहेच, म्हणजे अगदी आपल्या लांडगेवाडीसारखं झालं, जनावर माणसाच्या नावातून गावात आलं. याउलट सफोकमधलं वुलपिट हे छोटं गाव, त्याचं नाव सरळ लांडगे पकडायच्या खड्ड्यावरून आहे. इंग्लंडातून लांडगा संपून पाचेकशे वर्षं झाली पण खड्डा अजून नावात शिल्लक आहे, हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो होतो.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. संस्कृतात लांडगा म्हणजे वृक, भीमाला वृकोदर म्हणतात तो हाच वृक. इराणच्या उत्तरेला गोरगान नावाचं शहर आहे, फारसीत लांडग्याला गोर्ग म्हणतात आणि त्या प्रदेशाचं जुनं नाव वर्काना, लांडग्यांचा मुलूख. वृक, वर्क, गोर्ग, एकाच घरातले शब्द! आणि आपल्याच महाभारतात बघा, युद्ध नको, पाच गावं द्या असं पांडव म्हणतात त्या पाचात एक गाव वृकस्थल आहे. काही पाठांत त्याच्या शेजारी अविस्थल येतं, अवि म्हणजे मेंढी. मेंढ्यांचं ठिकाण आणि लांडग्यांचं ठिकाण, एकाच ओळीत! ज्याने माळावर धनगरांचा वाडा बघितलाय, मेंढरांभोवती वाघर म्हणजे जाळीचं कुंपण आणि राखणीला कुत्री, त्याला ही जोडी समजावून सांगायला नको. कृष्ण शिष्टाईला निघाला तेव्हा हस्तिनापूरच्या आधीचा त्याचा मुक्कामसुद्धा वृकस्थललाच होता.

हे सगळं भाच्याला सांगितलं, त्याला वर्काना फार आवडलं, दिवसभर तेच म्हणत होता. रात्री आईला फोन लावला, आपल्या शिवारात लांडग्याच्या नावाचं काही आहे का गं? ती म्हणाली, अरे आहे की, वरच्या अंगाला लांडग्याचा ओघळ नाही का, तुझी आजी तिकडं शेरडं घालू द्यायची नाही, त्या काठाला पिल्लं घालायची लांडगी. मला हे नाव एवढ्या वर्षांत माहीतच नव्हतं. सातबारा काढून बघितला तर तिथं फक्त गट नंबर आहे, बाकी काही नाही. दिवाळीला भाच्याला घेऊन जाणार आहे, आई म्हणाली तोवर गुडघा बरा असला तर मीच येते दाखवायला, तुम्हाला सापडायचा नाही.