शहाणं कुलूप, फुगलेलं दार

स्मार्ट कुलपाच्या खोक्यावर एक बोट छापलेलं असतं. गुळगुळीत, कोरडं, नखाला चकाकी असलेलं. त्या बोटाला कणीक लागलेली नसते, तीस वर्षं भांडी घासून त्याच्या रेषा पुसट झालेल्या नसतात. आणि जुलैत फुगणारं दार तर खोक्यावर कुणी छापतच नाही.

कुलूप घेण्याचा आपल्याकडचा क्रम ठरलेला आहे. सेल लागला की कुलूप मागवायचं, ते घरी आलं की बसवणारा शोधायचा आणि तो दारात उभा राहिला की दार मोजायचं. नेमकं उलटं हवं. दाराची जाडी, त्याच्या कडेपासून जुन्या किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, बिजागऱ्या कोणत्या बाजूला आणि दार आत उघडतं की बाहेर, एवढं आधी कागदावर उतरवावं. फ्लॅटमध्ये आणखी एक माप लागतं, आणि नेमकं तेच सगळे विसरतात: मुख्य दार आणि सेफ्टी डोअर यांच्यातली मोकळी जागा. नव्या कुलपाचं हँडल दारापासून सहा-सात सेंटीमीटर सहज बाहेर येतं. मधली जागा पाच असेल तर जाळीचं दार हँडलवर आपटून अर्धवट उघडं राहतं. मग हजारो रुपयांचं कुलूप परत करायचं की वर्षानुवर्षं चाललेलं जाळीचं दार काढायचं, यावर घरात चर्चासत्र भरतं. अशा ठिकाणी बाहेर फक्त चपटं कीपॅड आणि आतून दारावर बसणारा डबा, असं रिम प्रकारचं कुलूप बरं. त्याला कोरीव कामही कमी लागतं.

आता बसवणारा. फुटपाथवर छत्रीखाली बसणारा चावीवाला किल्लीच्या दात्यांचा उस्ताद असतो, पण पटाशी हे त्याचं हत्यार नव्हे. सुताराचा खाचा सुरेख होतो, पण बाहेरच्या भागातून आत येणारी बोटभर वायर त्याच्या लेखी दोरीच असते. कंपनीच्या माणसाला ॲप तोंडपाठ असतं, मात्र जुनं भोक जरा तिरकं निघालं की ‘सुतार बोलवा’ म्हणून तो मोकळा. म्हणून फोनवरच सरळ विचारावं: जुनं मॉर्टाइज काढून नवं बसवायचंय, खाचा तुम्हीच वाढवणार का, आणि त्याचे पैसे वेगळे का? पलीकडून ‘आल्यावर बघू’ असं आलं तर आपणही दुसरा नंबर बघावा.

मॉर्टाइज म्हणजे दाराच्या जाडीत घुसणारं कुलूप. दार 35 मिलिमीटरचं आणि डबा 20 मिलिमीटरचा धरला, तर दोन्ही बाजूंना उरतं साडेसात. पटाशी तेवढ्यात सरळ उतरली पाहिजे. तिरकी गेली की एका बाजूचा सनमायका पोट आल्यासारखा फुगतो. खोक्यातला कागदी साचा दाराला चिकटवून मध्यबिंदू टोच्याने खुणावायचे, भोकाच्या जागी चिकटपट्टी लावायची आणि दोन्हीकडून अर्धं अर्धं ड्रिल करायचं, म्हणजे सनमायक्याचे टवके उडत नाहीत. जुन्या कुलपाचा खाचा मोठा असेल तर त्यात लाकडाची फळी फेव्हिकॉल लावून ठोकायची आणि रात्रभर सुकू द्यायची. घाईत पोकळीतच स्क्रू पिळले तर महिन्याभरात हँडल डुगडुगायला लागतं. शेवटचे स्क्रू हातानेच आवळावेत. ड्रिलने आवळले की एक तर वायर चेपते, नाही तर मधली दांडी अडकते. मग हँडल खाली जातं आणि वर यायचं विसरतं.

चौकटीतलं भोक नेमकं कुठे पाडायचं, याला एक जुनी युक्ती आहे. बोल्टच्या, म्हणजे कुलपातून चौकटीत शिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला खडू फासायचा, किंवा देवघरातलं ओलं कुंकू, आणि दार लोटून बोल्ट टेकवायचा. चौकटीवर उमटलेला टिळा म्हणजे भोकाची जागा. ते भोक बोल्टच्या लांबीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खोल हवं. बोल्टचं टोक तळाला टेकलं की मोटरला वाटतं वाटेत काही अडकलंय, आणि कुलूप पीं पीं करत बोल्ट मागे घेतं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम मात्र सगळ्यात साधा आहे: पहिली चाचणी दार उघडं ठेवूनच. कोड, बोट, कार्ड आणि लोखंडी किल्ली, चारही गोष्टी उघड्या दारात चालल्यावरच दार लावायचं.

पावसाळ्यात खरी परीक्षा. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंग कुणी लावत नाही. तिथूनच लाकूड ओल पितं, फुगतं आणि बोल्ट चौकटीच्या भोकावरच्या धातूच्या पट्टीला घासायला लागतो. जुनं हाताचं कुलूप असतं तर आपण गुडघ्याने दार दाबून किल्ली फिरवली असती. मोटरला गुडघा नसतो. ती दर वेळी कण्हत जोर लावते आणि वर्षभर चालायच्या बॅटऱ्या दोन महिन्यांत संपवते. मग बॅटरीला शिव्या. खरं-खोटं करायला कान पुरतो. दार उघडं ठेवून बोल्ट बाहेर काढा: छोटा, स्वच्छ ‘झुर्र’. आता दार लावून तेच करा. आवाज लांबला, जडावला, तर दोष कुलपात नाही, दारात आहे. पट्टीचं भोक कानशीने किंचित वाढवावं. भर पावसात रंधा मात्र मारू नये, नाही तर मे महिन्यात त्या फटीतून शेजाऱ्यांची फोडणी आत येते.

बॅटऱ्या अल्कलाइनच, आणि चारही एकदम बदलायच्या. चार्ज होणारी बॅटरी मुळात 1.2 व्होल्टची, त्यामुळे बॅटरी किती उरली याचा अंदाज चुकतो. तरीही त्या संपल्याच, तर बऱ्याच कुलपांना खालच्या बाजूला दोन ठिपके असतात. त्यांना 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून कोड दाबायचा. काही मॉडेलना त्याऐवजी चार्जरची वायर चालते. किल्लीच्या भोकात खोबरेल तेल सोडायचं नाही, धूळ चिकटून त्याचं लोणचं होतं. पेन्सिलच्या शिशाची पूड चालते. आणि ती लोखंडी किल्ली कपाटातल्या खणात? म्हणजे कुलूपबंद घराच्या आत! एक तरी नातेवाइकांकडे किंवा ऑफिसात हवी.

बसवणारा निघण्याआधी त्याने चाचणीसाठी नोंदवलेलं स्वतःचं बोट पुसायला लावावं, मास्टर कोड त्याच्यासमोर नव्हे तर तो गेल्यावर बदलावा, आणि ॲपमधलं खातं आपल्याच नंबरवर आहे ना, ते बघावं. गोड माणूस असला तरी. आजी-आजोबांचं बोट उमटत नसेल तर दोन-तीन बोटं नोंदवावीत, नाही तर गळ्यात कार्ड बरं. आपोआप लागण्याची वेळ पाच सेकंदांवर असेल तर ती वाढवावी. कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला पाच सेकंद पुरत नाहीत.

इतकं सगळं होऊनही रात्री अकराला घरातलं कुणी तरी उठतं आणि आतून पितळी कडी लावतं. मग रात्रपाळीहून परतलेल्या मुलाने बाहेरून बोट ठेवलं की कुलूप हिरवा दिवा लावतं, झुर्र करून बोल्ट मागे घेतं, आणि दार काही उघडत नाही. तो बेल वाजवतो.