सेडनाची येडी कक्षा

सूर्यमालेच्या टोकाकडचं तुझं फेव्हरेट काय असं कोणी विचारलं तर मी प्लुटो नाही म्हणणार, सेडना म्हणणार, म्हणजे नेपच्यूनच्याही पलीकडचा एक छोटा बर्फाळ गोल. २००३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ माइक ब्राऊन आणि त्याच्या टीमला अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीतून सापडली, रंगाने लालसर, आणि कक्षा म्हणजे निव्वळ येडेपणा. सूर्य-पृथ्वी अंतर १ धरा, मग नेपच्यून ३० वर, आणि सेडना सगळ्यात जवळ आली तरी ७६ वर आणि लांब गेली की ९०० च्या आसपास!! एका फेरीला ११,००० हून जास्त वर्षं, म्हणजे मागच्या वेळी ती जवळ आली तेव्हा इथे हिमयुग नुकतंच संपलेलं.

एवढ्या लांबून सूर्य तिला धरून कसा ठेवतो? तर ती सतत सूर्याकडे पडतच असते, फक्त आडवा वेग असल्याने दरवेळी नेम चुकतो. लांब गेली की स्लो, जवळ आली की फास्ट, हे केपलरने १६०९ मध्येच सांगून ठेवलंय.

खरा घोळ पुढेच आहे. नेपच्यूनचा जोर तिच्यापर्यंत नीट पोचत नाही, मग कक्षा इतकी ताणली कोणी? कोणी म्हणतं सूर्य तरुण असताना जवळून गेलेला एखादा तारा, कोणी म्हणतं नववा ग्रह. मला आपली ताऱ्यावाली थिअरी पटते, नववा ग्रह अजून कोणाला दिसलेलाच नाही ना.

२०७६ च्या सुमारास ती सगळ्यात जवळ येईल. यान पाठवायचं तर आत्तापासूनच प्लॅनिंग पाहिजे, व्हॉयेजर २ ला नुसतं नेपच्यून गाठायला १२ वर्षं लागली होती.